ताबूत

पुलाखाली पाणी नव्हतं. तरी पूल ओलांडायचे
एका पोरानं दोन दिरहम मागितले.
दिले. त्यानं गावाचं नावही सांगितलं त्यातच:
इघ्रेम-न-वासिफ, नदीचं गाव.
नदी कुठंय, विचारलं,
तर बोट बुरुजाकडे.

लांबून ते गाव वाटतच नाही.
बसलेला डोंगर गुडघ्यावर हात टेकून उठतोय, एवढंच.
जवळ गेल्यावर भोकं दिसतात, भोकांच्या खिडक्या होतात,
आणि एका खिडकीत
वाळत घातलेली निळी विजार.

गल्लीत खांदा तिरका करावा लागला.
बाहेर ऊन दगड भाजत होतं,
आत अंधाराला रांजणाच्या बुडाचा वास.
डोक्यावर खजुराची खोडं, खोडांवर बोरू,
बोरूवर माती, मातीवर कुणाचं तरी घर
आणि त्या घरात शेळी.
माणसं ऐकू येत नाहीत. शेळी येते.

चाळीस बिऱ्हाडं होती, आता तीन.
बाकीची पुलापलीकडे सिमेंटमध्ये.
तिथं नळ आहे, आणि जूनमध्ये
भिंतीला हात लावता येत नाही.

तुदाबाई उंबऱ्यावर जव निवडत होती.
माळवदावर जायचे दहा दिरहम.
"जिन्याचे," ती म्हणाली, "वरचं फुकट."
वरून दोन बुरूज दिसले. पूर्वेकडचा देखणा,
कोरीव, कुठं पोपडा नाही. सगळे त्याचेच फोटो काढतात.
तो सिनेमावाल्यांनी बांधला.
त्याच्यावर टकटक केली तर
आतून कुणी घरी नसल्यासारखं उत्तर येतं.

दुसऱ्या बुरुजाखाली बास्सू भिंत चोपत होता.
मी विचारलं, किती जुनी?
त्याच्या पुतण्यानं, यिदिरनं, प्रश्न पोचवला.
"कुठली?" बास्सूनं विचारलं.
पाय पणजोबाचे.
कंबर बापाची, तीही एकदा बसली होती.
हा खांदा गेल्या आठवड्यातला,
हात नको लावू, ओला आहे.

शेजारी ढिगारा होता. तो हद्दूचं घर.
मागच्या वसंतात एका रात्री पाणी आलं
आणि घर उभ्या उभ्या खाली बसलं, भांड्यांसकट.
भांडी काढली. माती हा इथं कालवतोय, पेंढा घालून.
"नवी माती हट्टी असते.
ही लवकर ऐकते.
एकदा भिंत होऊन गेलीय ना."

दोन फळ्या, चार खुंट्या, दोरी:
त्या साच्यात माती भरायची, मुसळानं ठोकायची,
साचा सोडून पुढं सरकवायचा.
साच्याला काय म्हणतात?
"ताबूत."

मी हसलो असेन. त्यानं ठोकणं थांबवलं.
मग सांगावं लागलं: आमच्याकडेही ताबूत असतो,
कागदाचा, बेगडीचा. मोहरमच्या दहाव्या दिवशी
खांद्यावरून जातो
आणि पाण्यात थंडा होतो.
हे यिदिरच्या फ्रेंचमधून, माझ्या हातवाऱ्यांतून
त्याच्यापर्यंत किती पोचलं कोण जाणे.
तो बराच वेळ साच्याकडे बघत राहिला.
"आमचाही होतो," म्हणाला.
"पाणी उशिरा येतं, म्हणून उभा दिसतो."

मग मुसळ माझ्या हातात दिलं.
मी पाच-सहा घाव घातले.
त्यानं मुसळ परत घेतलं
आणि त्याच जागी पुन्हा पहिल्यापासून ठोकलं.

परतताना पुलाच्या मधोमध
बुटाला चिकटलेला गारा मी झटकायला लागलो.
ते दोन दिरहमवालं पोर धावत आलं,
माझा घोटाच धरला त्यानं.
इथं नको. ती माती त्या काठाची.

एका पायावर लंगडी घालत
मी मागं गेलो.